ठिपक्याच्या वाघाचा शब्द

हळवं, लवकर येणारं भात पिकलं की कुणासाठी थांबत नाही. लोंबी आपल्या वजनानं आधी झुकते, मग लवते, आणि दोन दिवस विळा लागला नाही तर तिसऱ्या दिवशी दाणा चिखलात. म्हणून वाघबारस दोन दिवसांवर आलेली असताना उंबरवाडीत सकाळच्या वेळी घरात कुणी सापडलं नसतं. त्या दिवशी मात्र ऊन कासराभर वर आलं तरी खाचरं ओस होती. सगळी वाडी ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गोळा झाली होती, आणि मधोमध बहिरूची कालवड पडली होती.

सव्वा वर्षाची डांगी कालवड. नरड्यावर दातांची चार भोकं, पोट फाडलेलं. तिच्या डोळ्यावर बसलेल्या माश्या बहिरू टॉवेलनं हाकलत होता. मेलेल्या जनावराच्या माश्या काय हाकलायच्या, पण हात थांबत नव्हता. ही कालवड जन्मली तेव्हा इगतपुरीच्या घाटावर आभाळ फाटल्यासारखा पाऊस होता. ओल्या वासराला खांद्यावर टाकून बहिरूनं गुडघाभर पाण्यातून घरी आणलं होतं.

सोमा आला तशी माणसं बाजूला सरकली. त्याला वाटलं, वयाचा मान. पण बहिरूनं मान वर केली आणि विचारलं,

"सोमादा, गेल्या बारशीला तू काय बोलला व्हतास?"

"काय बोललो?"

"शिवेवर. कमरेला दोर बांधून. काळूबाबानं तीनदा इचारलं. तू तीनदा काय बोललास?"

"नाय येणार, बोललो."

"मग ही काय हाय?"

उंबरवाडीत वाघ सोमाच्या घरचा. म्हणजे असं, की बारशीला शिवेवरच्या वाघदेवाला खीर दाखवली की गुराख्यांतला एक जण अंगाला रंग लावून वाघ होतो. त्याला दोर बांधून विचारतात, आमच्या शिवेत येशील का? तो म्हणतो, नाय येणार. मग त्याला ढेकळं मारत शिवेपार पिटाळतात. सोमाचा पणजा वाघ होता, आजा वाघ होता, बाप वाघ होता. गेली एकतीस वर्षं सोमा वाघ होता. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्यानं वाघदेवापुढचं कोंबडं बंद केलं, पण वाघ होणं सोडलं नव्हतं. देवाचंच काम ते, असं त्याला वाटे.

"शब्द देताना पोटात काय व्हतं तुझ्या?" बहिरू म्हणाला. "उपाशी व्हतास का?"

सोमाला आठवलं. गेल्या बारशीला अंगात ताप होता. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नको म्हणून त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, कपभर चहा दिला होता.

"च्या घेतला व्हता," तो खालच्या आवाजात म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"घ्या!" बहिरूनं टॉवेल आपटला. "वाघ च्या पिऊन शब्द देतो. मग कसा पाळल?"

मागून साळूबाई फणकारली. "च्यानं वाघ येतो व्हय रं बहिरूभाऊ? मग घोटीच्या हाटेलात कळपच दिसला असता की!"

दोन बाया हसल्या. बहिरू हसला नाही. सोमाही हसला नाही. तो चहाचा कप त्याला आता स्पष्ट दिसत होता, कान तुटलेला.

दुपारी वनरक्षक योगिनी पंचनाम्याला आली. पोरगी देवळ्याकडची, कांदेवाल्यांच्या घरातली; खाकी पँटीत, पाठीवर पोतडीएवढी पिशवी. पंचांच्या सह्या झाल्यावर ती म्हणाली, "एखादं रान माहीत असलेलं माणूस द्या बरोबर." सगळ्यांनी सोमाकडं बघितलं. एरवी ह्यात मान असायचा. आज त्या बघण्यात दुसरंच काही होतं.

ओढ्याच्या ओल्या रेतीत माग उमटले होते. योगिनीनं टेप लावला.

"चार बोटं, नखं नाहीत," ती वहीत लिहीत म्हणाली.

"नख्या आत घेऊन चालतंय ते," सोमा म्हणाला. "कुत्र्याच्या मागात नखं दिसत्यात. हा लांबट माग हाय. मादी वाटती."

"बरोबर. आणि पोटाकडून खायला सुरुवात केली आहे. बिबट्याच. पट्टेरी वाघ बहुतेक मागच्या बाजूनं लागतो."

"आम्ही दोघांना वाघच म्हणतो. तो ढाण्या, हा ठिपक्याचा."

तिनं ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधले. एक ऐनाला, एक जांभळीला. सोमाला काही ते कळेना.

"एकाच जनावराला दोन कशाला?"

"डावं अंग वेगळं, उजवं वेगळं, बाबा. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं असतं ते. एका बिबट्याचे ठिपके दुसऱ्याला नसतात. पट्टेरी वाघाचंही तेच. त्याचे केस भादरले ना, तरी खाली कातडीवर पट्टे असतात."

"कातडीवर बी?" सोमानं हात जोडले, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. "माझ्या आज्यानं पाह्यला व्हता ढाण्या. शिवेच्या दगडाला पाठ घासत व्हता म्हणं. त्यानंतर कुणाला दिसला नाय."

"आता इथं नाहीच. एका नराला पन्नास-साठ चौरस किलोमीटर रान लागतं, कधी शंभरसुद्धा. पुन्हा त्यात सांबर हवं, डुक्कर हवं, बारमाही पाणी हवं, दाट सावली हवी. बिबट्याला काहीही चालतं. कुत्रं, कोंबडी, घूस. काही नसलं तर खेकडे. निफाडकडे तर उसात जन्मतो, उसातच मोठा होतो. कित्येकांनी डोंगर पाहिलेलाच नसेल."

"गरिबीत राह्यलेलं पोर जगतं तसंच म्हणा की."

योगिनी हसली. चालता चालता सोमानं विचारलं, "ढाण्यात पण जाती असत्यात का?"

"असतात ना. आपल्याकडचा तुम्हाला माहीतच आहे. सुंदरबनातले खाऱ्या पाण्यात मैलभर पोहतात. रशियात बर्फात राहतो तो फिकट, केस हे एवढे दाट. सुमात्रा बेटावरचा लहानखुरा, पट्टे जवळजवळ. आणखी तीन होते. दोन बेटांवरचे, एक इराणकडचा. ते संपले."

"संपले म्हंजे कुठं गेले?"

"कुठं गेले नाहीत, बाबा. राहिलेच नाहीत. एकही."

सोमा उभा राहिला. पाण्यावर ऊन हलत होतं.

"त्यांच्याकडं पण कुणी शब्द घ्यायचं का हो बाई? येऊ नको म्हणून?"

योगिनीला हसू येणार होतं. पण तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ती नुसतीच म्हणाली, "तुमच्या लोकांना एक सांगा. ओढ्यात मेलेलं ढोर, कोंबड्यांची घाण टाकू नका. त्या वासानं कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे ती येते. आणि ही कालवड खोल पुरायला सांगा."

बहिरूनं कालवड पुरली नाही. "पडू दे," एवढंच म्हणाला.

दुपारनंतर सोमा आणि साळूबाई खाचरात उतरली. त्यांचं खाचर ओढ्याला लागून. एरवी दोघं दोन टोकांनी कापत यायची आणि मधे भेटायची. आज खांद्याला खांदा लावून कापत होती. साळूबाई दर चार मुठींनंतर उभी राहून कारवीच्या जाळीकडं बघे. विळ्याचा खर्र खर्र आवाज थांबला की सोमाही थांबे. भाताची पात मनगटाला कापते, त्यात घामाचं मीठ उतरतं, रोजचंच ते. पण आज कमरेत वाकायची भीती होती. वाकलेला माणूस मागून शेळीएवढाच दिसतो, हे सोमाला ठाऊक होतं.

"कपभर च्यानं काय व्हतंय?" साळूबाई कापता कापता म्हणाली.

"मी कुठं काय बोललो?"

"बोलला नाय म्हणूनच सांगते. सकाळपासून मूग गिळलेत."

पेंढ्या बांधून होईतो ऊन पिवळं झालं. अर्धं खाचर उभंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला काकड्याला देवळात आठ-दहा माणसं होती. कोजागिरीपासून रोज पहाटे ही मंडळी विठोबाला उठवायची. सोमा टाळ धरायचा आणि चाल सांगायचा. बहिरू पखवाज वाजवायचा. पंचवीस वर्षांची जोडी. सोमानं श्वास घ्यायच्या आधी बहिरूची थाप तयार असायची. त्या पहाटे सोमाची पाळी आली, त्यानं सूर लावला, आणि पखवाज बंद झाला.

बहिरूनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. नजर विठोबाच्या पायांवर.

सोमा नुसत्या टाळावर म्हणत राहिला. आवाज देवळाच्या पत्र्यात एकटाच फिरून परत येत होता. दुसऱ्या कडव्यानंतर तो थांबला. मग काळूबाबानं, ऐंशीच्या म्हाताऱ्यानं, पुढचं कडवं उचललं, आणि पखवाज लागलीच सुरू झाला. सोमानं टाळ मांडीवर ठेवले. देवापुढं रडू येणं निराळं आणि हे निराळं. त्यानं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर दिसलं असतं.

उजाडल्यावर योगिनी आली. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मोबाइलला जोडून तिनं देवळाच्या पायरीवर फोटो दाखवले. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली.

काळी-पांढरी चित्रं. पहिल्यात मादी कालवडीपाशी, मान वळवलेली, कानांमागचे पांढरे ठिपके उजळ. दुसऱ्यात ती चाललेली, शेपूट वर वळवून, शेपटीची पांढरी बाजू दाखवत.

"शेपूट अशी का धरली हो?" काळूबाबानं विचारलं.

योगिनीनं तिसरा फोटो लावला. त्या पांढऱ्या शेपटीच्या मागं मांजराएवढी दोन पिल्लं होती. एकाचा पाय दगडावरून घसरत होता.

"अंधारात मागे यायला पिल्लांना तेच दिसतं," ती म्हणाली. "तीन-चार महिन्यांची असतील. दीडेक वर्ष आईबरोबर राहतात. तोवर ती हे रान सोडणार नाही. जरा सांभाळून घ्या, दादा."

योगिनीची गाडी वळणाआड गेली तसा बहिरू पुढं आला. त्याला राग नव्हता. काहीतरी सापडल्यासारखा चेहरा होता.

"सोमादा, च्याचं नाय हे. मी रातभर इचार केला आन आत्ता फोटो बघून कळलं. तू अंगावर काय काढतोस?"

"पट्टे."

"आन ही कसली हाय?"

सोमानं ओढ्याकडं बघितलं.

"ठिपक्याची! तुझ्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ढाण्याचा शब्द दिला. ढाण्या येतो का? नाय येत. शब्द पाळला त्यानं. हिच्याकडून कुणी शब्दच घेतला नाय, मग ही का थांबल? चूक तुझी नाय, रंगाची हाय. उद्या ठिपके काढ आन बोल, नाय येणार."

"खरंय गड्या," मागून दोघं-तिघं म्हणाले. काळूबाबानंही मान हलवली.

"तेवढं झालं की माझं काय म्हणणं नाय," बहिरूनं सोमाला कोपऱ्यात घेतलं. त्याचा आवाज उतरला. "पण ऐक. घरात भातावर मारायचं औषध पडलंय. वासानं डोळं चुरचुरतं असलं. उरलेलं खायला ती परत येणारच. उद्या शिवेवर शब्द झाला तर मी त्याला हात लावणार नाय. नाय झाला, तर उद्या सांजंला कालवडीवर टाकीन. मग ती न्‌ तिची पिल्लं."

"मॅडमला कळलं तर आत टाकतील तुला."

"सांग जा मग."

सोमा सांगणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. भाऊबंदाच्या हातात बेडी घालून मग काकड्याला कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

दिवसभर सोमानं भात कापलं. हात आपोआप चालत होते. गेल्या साली सप्ताहाच्या कीर्तनात घोटीला बुवांनी निरूपण केलं होतं, ते त्याच्या डोक्यात घुमत होतं. बुवा म्हणाले होते, माऊली, देवापुढं बोललेला शब्द हे पेरलेलं बी. टाकून माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो, विसरतो. माती मात्र त्याला धरून बसते. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या आणि बुवा लगेच गजरावर गेले होते. सोमानंही नाचून टाळ वाजवला होता.

आता तो वाफ्याच्या मधे उभा राहिला. पणज्यानं पेरलं, आज्यानं पेरलं, बापानं पेरलं. नाय येणार, नाय येणार, नाय येणार. दरसाल तीनदा. आणि ढाण्या नाहीच आला. कुठल्या जंगलात गेला नाही, दुसऱ्या डोंगरावर गेला नाही. राहिलाच नाही. एवढं इमानी जनावर! दगडाला पाठ घासायलासुद्धा आलं नाही परत.

"काय झालं? पान लागलं का काय?" साळूबाईनं घाबरून विचारलं. पान लागणं म्हणजे साप चावणं.

"साळू, हिनं पण पाळला तर?"

"काय?"

"शब्द. ढाण्यानं पाळला तसा हिनं पाळला तर?"

साळूबाई विळा टेकून बसली. बराच वेळ तिनं हातातल्या लोंबीचे दाणे काढून तळव्यावर ठेवले आणि परत वाफ्यात टाकले.

"नाय बोलला तर तो औषध टाकतो."

"व्हय."

"बोलला तर वाचती. तुमच्या बोलण्यानं कुठं वाघ संपत्यात? बंदुकीनं संपलं असतील, झाडं तोडून संपलं असतील."

"असंल. पण तेव्हा आमच्या घरचं माणूस शिवेवर उभं राहून काय म्हणत व्हतं?"

साळूबाईनं तळवा झटकला. उठली, कमरेला पदर खोचला आणि पुन्हा कापायला लागली. सांजेपर्यंत खाचर संपलं.

बारशीला सोमा उपाशी राहिला. सकाळी थुंकीसुद्धा गिळताना त्यानं विचार केला. दुपारी परड्यात घोंगडी टाकून तो लंगोटीवर बसला. साळूबाईनं हळद आणि पिवडी तेलात कालवून त्याच्या अंगाला चोपडली. बरगड्या मोजता येतील असं अंग. खांद्यावर जुन्या जुवाचा घट्टा. मग काजळीची वाटी घेऊन ती त्याच्या पाठीमागं आली आणि थांबली.

"कोंचा काढू?"

"ठिपक्याचा."

तिनं पाची बोटांची टोकं एकत्र धरली, काजळीत बुडवली आणि त्याच्या पाठीवर टेकवली. उचलली तर हुबेहूब फूल उमटलं होतं. कडेनं काळं, आत पिवळं. एकतीस वर्षं तिनं काडीनं पट्टे ओढले होते. तिच्या बोटांना हे नवं होतं, त्याच्या कातडीलाही. गार गार बोटं पाठभर फिरली, पोटावर आली. डावीकडचे ठिपके उजवीकडच्यांसारखे झाले नाहीत. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "तसंच असतं."

"बोलायचं काय ठरवलंय?"

"तिथं सुचंल."

"म्हंजे काय ठरलं नाय. पांडुरंगा!"

शिवेवर खीर शिजली होती. प्रत्येक घरचा मूठमूठ तांदूळ, गूळ, तांब्याभर दूध. लाकडी फळीवर कोरलेल्या वाघदेवाला शेंदूर लागला, वरच्या चंद्रसूर्याला लागला. नैवेद्य झाला. गुराख्यांनी सोमाच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला ओढत मधे आणलं. एरवी पोरं ओरडायची, सोमा गुरगुरायचा. आज त्या ठिपक्यांकडं बघून एक लहान मूल रडायला लागलं आणि बाकी सगळे चूप झाले. बहिरू पुढंच उभा होता, हातात ढेकूळ.

काळूबाबानं काठी आपटली. "कोण रं तू?"

"वाघ."

"खातोस काय?"

"गाय खातो, शेळी खातो. कुत्रं खातो, खेकडं खातो."

हे नवीन होतं. काळूबाबानं डोळे बारीक केले, पण पुढं गेला. "आमच्या शिवेत येशील का?"

सोमानं तोंड उघडलं. शब्द जिभेवरच होता, एकतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला. नुसता सोडायचा होता. त्याला दगडावरून घसरणारा तो इवला पाय दिसला.

"येशील का?" काळूबाबानं दुसऱ्यांदा विचारलं आणि हळूच म्हणाला, "बोल की लेका, नाय म्हण."

"येईन," सोमा म्हणाला.

वारा पडल्यासारखं झालं. दोर धरलेल्या गुराख्याच्या हातून दोर सैल सुटला.

"येईन बाबा. बाईमाणूस हाय मी, दोन पोरांची. जाऊ कुठं? खाली धरणाचं पाणी, वर मोठा रस्ता, मधे तुमची खाचरं. नाय येणार म्हणलं तर ते खोटं, आन खरं झालं तर त्याहून वाईट. ढाण्यानं तुमचं ऐकलं. कुठंय तो आता? दाखवा मला."

कुणी दाखवलं नाही.

"दिवस तुमचा, सांज माझी. ऊन हाय तवर गुरं घरात घ्या. मेलेलं ढोर, कोंबडीची घाण ओढ्यात टाकू नका. कुत्री येत्यात, कुत्र्यांमागं मी येते. गोठ्याला कूड घाला. एवढं करून बी मी कुणाच्या दावणीला शिरले, तर सोमाच्या गोठ्यातली गाभण पाडी त्याची. सोमानं आपल्या हातानं नेऊन बांधायची."

"हे वाघ बोलतोय का सोमादा?" बहिरू ओरडला.

"वाघ बोलतोय. सोमा ऐकतोय."

"आन सोमाची बायको बी ऐकती हाय बरं!" बायांच्या घोळक्यातून साळूबाईचा आवाज आला. "पाडी मी वाढवलीया. वाघिणीनं मला इचारलं का?"

खसखस पिकली. सोमानं तिच्याकडं वळून हात जोडले, पिवळे, काजळी लागलेले. साळूबाईनं सगळ्यांसमोर नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिली," ती म्हणाली. "पण आधी सगळ्यांनी कूड घालायचं. फुकट नाय."

काळूबाबानं वाघदेवाला हात जोडले. मग त्यानं काठी बहिरूकडं केली. "कालवड तुझी गेली. तिसऱ्यांदा तू इचार."

बहिरूनं विचारलं नाही. त्यानं हातातलं ढेकूळ उचललं आणि सगळा जोर लावून मारलं. ते सोमाच्या पाठीत फुटलं. सोमा कळवळला. मग पोरांनी आरोळी दिली, ढेकळांचा पाऊस पडला आणि अठ्ठावन्न वर्षांचा वाघ ओढा ओलांडून टेकाड चढायला लागला. आता दिवेलागणीपर्यंत शिवेत पाऊल टाकायचं नाही, अशी रीत.

टेकाडावर एका खडकाच्या आडोशाला तो बसला. छाती भात्यासारखी चालत होती. पाठ ठणकत होती. रंग घामानं ओघळून फुलं फिसकटली होती. खाली वाडी दिसत होती: कौलं, पत्रे, कापलेली आणि उभी खाचरं. इथून सगळंच जवळ दिसतं, हे त्याला आज कळलं. कोण कुठं चाललं, कुठलं दार उघडं, कुठलं कुत्रं कुठं झोपलं. ती रोज इथंच बसत असेल.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा बहिरू घरातून निघालेला दिसला. काखेत काहीतरी होतं. सरळ ओढ्याकडं चालला होता.

सोमाला औषध आठवलं. तो उठला, घसरला, कारवीला धरत, ठेचा खात उतरला. विठ्ठल विठ्ठल म्हणायलाही श्वास उरला नव्हता. जाळीतून बाहेर पडला तर कालवडीपाशी बहिरू त्याच्याकडं पाठ करून वाकला होता. वास इतका होता की सोमानं नाकावर हात धरला.

"बहिरू!"

बहिरू वळला नाही. त्यानं फावडं मारलं, माती बाजूला टाकली, परत मारलं. खड्डा घोट्याएवढा झाला होता.

"औषध कुठंय?"

"घरी. भातावरचं हाय ते, भातावर मारीन." फावडं दगडाला लागून खणकलं. बहिरूनं नाक पुसलं, बाहीनं डोळेही पुसले. "खोल लागंल. ही लय मोठी झाली व्हती."

सोमा तसाच उभा राहिला, हात लोंबते ठेवून, अंगभर फिसकटलेले ठिपके घेऊन.

"बघत काय बसलास?" बहिरू म्हणाला. "फावडं एकच हाय. वाघ हायेस ना? नख्यांनी उकर."

सोमा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला.